बर्फ कुणाच्या वाट्याला?

स्वीडिश भाषेत 'इस्तीद' असा एक शब्द आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ हिमयुग; उत्तर युरोप हजारो वर्षं बर्फाखाली गाडला गेला होता तो काळ. पण इथल्या आइस हॉकी खेळणाऱ्या कुठल्याही मुलीच्या आईला विचारा, ती सांगेल की इस्तीद म्हणजे आमच्या लेकीला मंगळवारी रात्री सव्वानऊला मिळतो तो रिंकवरचा, म्हणजे बर्फाच्या मैदानावरचा तास. 'इस' म्हणजे बर्फ, 'तीद' म्हणजे वेळ. रिंक एकच असतो, क्लबचे संघ दहा-बारा असतात, आणि कुणाला किती इस्तीद मिळणार यावरून क्लबाच्या बैठकीत जी भांडणं होतात ती आपल्याकडच्या पाणीवाटपाच्या बैठकांची आठवण करून देतात. वरच्या अंगाला ज्यांचं शेत, त्यांचं पाटाचं पाणी आधी.

बायकांच्या व्यावसायिक आइस हॉकीबद्दल स्वीडनमध्ये वाद चालतो तो बहुतेक पगारावरून. त्यांना किती मिळतं, पुरुषांना किती मिळतं, आणि तिकिटं किती खपतात. मला वाटतं, हा वाद चुकीच्या टोकाने धरलेला आहे. पगाराचा प्रश्न खरा आहे, पण दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न बर्फाच्या वेळेचा आहे.

हे मला उमगलं ते उत्तर स्वीडनमधल्या लूलेओला. माझा भाचा तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकतो. मी गोथेनबर्गला राहते, म्हणजे स्वीडनच्या पार दुसऱ्या टोकाला. जानेवारीत त्याला भेटायला गेले आणि पहिले दोन दिवस नुसती थंडीशी ओळख करून घेण्यात गेले. ध्रुववृत्त तिथून साधारण 100 किलोमीटर. ऐन डिसेंबरात सूर्य सकाळी दहाच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी एकला मावळतो. शहराच्या भोवतीचा समुद्र गोठलेला असतो, नगरपालिका त्यावरचं हिम बाजूला सारून रस्ता करून देते, आणि लोक त्या समुद्रावरून बाबागाडी ढकलत फिरायला जातात. मीही गेले. पायाखाली बर्फाने एकदा 'टुंग्' असा तार तुटल्यासारखा आवाज केला, तेव्हा मी जागच्या जागी उभी राहिले. शेजारून एक आजीबाई स्केट्सवरून सुसाट निघून गेल्या.

संध्याकाळी भाच्याने लूलेओच्या महिला संघाचा सामना दाखवायला नेलं. त्या एरिनाचं अधिकृत नाव प्रायोजकाचं, पण गावातले लोक त्याला अजून 'डेल्फीनेन' म्हणतात, म्हणजे डॉल्फिन. "मावशी, नजर खेळाडूंवर नको, पकवर ठेव," असं त्याने सांगितलं. मला शेवटपर्यंत ते जमलं नाही. पक, म्हणजे खेळातली ती छोटी रबरी चकती, दिसायचाच नाही, फक्त कडेच्या फळीवर आदळल्याचा आवाज यायचा, दार आपटावं तसा. मी बघत राहिले ते दोन डावांच्या मधलं काम. बर्फ सारखा करणारं मशीन येतं, पट्ट्यापट्ट्याने वरचा खरवडलेला थर काढतं, मागे गरम पाण्याचा पातळ हात देत जातं, आणि ओरखड्यांनी पांढरा पडलेला रिंक काही मिनिटांत आरशासारखा होतो. नुकत्याच सारवलेल्या अंगणात पाय ठेवू नये वाटतं, अगदी तसंच.

आता या संघाची गोष्ट. लूलेओ हा पुरुषांच्या हॉकीचा मोठा क्लब. शेजारच्या पीतेओ गावात मुंकसुंद-स्कूतहाम्न नावाच्या क्लबाने बायकांचा संघ वर्षानुवर्षं चालवला होता. 2015 साली दोघे एकत्र आले आणि संघाचं नाव झालं लूलेओ एचएफ/एमएसएसके. ती तिरकी रेघ आणि पुढची चार अक्षरं ही त्या छोट्या क्लबाची ओळख. लग्नानंतरही माहेरचं नाव ठेवावं तशी. पहिल्याच मोसमात, म्हणजे 2016 च्या वसंतात, त्यांनी स्वीडनचं अजिंक्यपद जिंकलं. मग 2018, 2019, 2021, 2022, 2023, 2024. मधलं 2020 साल कोविडमुळे वाया गेलं, त्या वर्षी विजेता ठरलाच नाही. म्हणजे नऊ मोसमांत सात सुवर्णपदकं.

त्याच एरिनात खेळणारा पुरुषांचा संघ 1996 साली अजिंक्य ठरला होता, आणि त्यानंतर थेट 2025 साली. एकोणतीस वर्षं गाव वाट बघत होतं. त्या वाट बघण्याच्या काळात गावाच्या घरी सात सुवर्णं आली, ती बायकांनी आणलेली. तरी एखाद्या लूलेओकराने "आम्ही तीस वर्षांनी चॅम्पियन झालो" म्हटलं तर त्याला कुणी टोकत नाही. भाषेतच गोम आहे. पुरुषांची लीग ती 'स्वीडिश हॉकी लीग', बायकांची ती 'स्वीडिश महिला हॉकी लीग'. पुरुषांची ती हॉकी, बायकांची ती अमुक प्रकारची हॉकी. एसएचएल आणि एसडीएचएल, एका 'डी'चा फरक. तो 'डी' म्हणजे 'दाम', बाई.

आता वादाकडे. इथे हॉकीवर बोलणाऱ्या दहा माणसांतले तीन-चार तरी एक वाक्य हमखास टाकतात: बायकांचा संघ पुरुषांच्या पैशावर पोसला जातो. टीव्हीचे हक्क पुरुषांच्या लीगचे, प्रायोजक पुरुषांच्या जर्सीवर, गर्दी पुरुषांच्या सामन्याला. बायकांना त्यातलं उरलंसुरलं मिळतं आणि त्यांनी त्याबद्दल आभार मानावेत. हे वाक्य हिशेबाच्या वहीपुरतं खोटं नाही. क्लबाच्या जमाखर्चात आवक पुरुषांकडून येते हे खरंच आहे. माझा आक्षेप 'पोसणं' या शब्दाला आहे.

कारण मुळात पुरुषांचा संघ कशावर उभा आहे? स्वीडनमधले बहुतेक रिंक नगरपालिकांनी करदात्यांच्या पैशातून बांधले आणि चालवले. वीज, मशीन, मशीन चालवणारा माणूस, सगळं सार्वजनिक. त्या रिंकवर पाच-सहा दशकं संध्याकाळी पाच ते आठची वेळ, म्हणजे शाळा सुटल्यानंतरची आणि जेवणाआधीची सोन्यासारखी वेळ, मुलांना मिळत आली. त्यातून खेळाडू घडले, त्यातून प्रेक्षक आले, प्रेक्षकांमुळे टीव्ही आला. मुलींना उरलेली वेळ मिळाली, किंवा मुलांच्याच संघात एक-दोन मुली सामावल्या गेल्या. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगे अंगाने वाढले की त्या मुलींना वेगळा संघ लागायचा, तो जवळपास नसायचा, आणि त्या खेळ सोडायच्या. आणि आज त्यांनाच विचारायचं की तुमचा प्रेक्षक कुठे आहे? पाट एकाच शेतात वळवायचा आणि दुसऱ्या शेतात ऊस का नाही म्हणून पंचनामा करायचा, असला हा प्रकार.

शिवाय हे क्लब कुणा शेठची मालमत्ता नाहीत. स्वीडनमध्ये क्रीडा क्लब म्हणजे सभासदांची संस्था. व्यावसायिक संघासाठी कंपनी काढली तरी मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहिलं पाहिजे असा नियम आहे. त्याला इथे 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. वार्षिक सभेत वर्गणी भरलेल्या आजीबाईचं मत आणि कारखानदाराचं मत सारखं. म्हणून 'पुरुषांचे पैसे' असं काही नसतंच. असतात ते क्लबाचे पैसे, आणि क्लबात मुलींचे आईबाप आहेत, मुली स्वतः आहेत.

इथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. मोठ्या क्लबाच्या छत्रीखाली राहण्यात धोका आहेच. छत्री ज्याच्या हातात, भिजायचं कुणी ते तो ठरवतो. पुरुषांचा संघ खालच्या लीगमध्ये घसरला, पैसे आटले, तर पहिली कात्री कुठे लागेल याची भीती प्रत्येक महिला संघाला असते. पण घडलेलं बघितलं तर चित्र इतकं काळं नाही. मूदू क्लबाचा पुरुषांचा संघ 2016 साली वरच्या लीगमधून बाहेर पडला, स्टॉकहोमच्या युरगोर्डेनचा 2022 साली. दोन्ही क्लबांचे महिला संघ वरच्या लीगमध्ये खेळत राहिले. आणि छत्रीविना राहणं काय असतं तेही मी ज्या शहरात राहते तिथे दिसलं. गोथेनबर्गचा एक महिला संघ मोठ्या क्लबाच्या आधाराशिवाय या लीगमध्ये धडपडत होता. फ्रोलुंडा हा इथला बडा क्लब. त्याने महिलांचा वरिष्ठ संघ उभा केला तो याच दशकात, आणि 2025 साली तो संघ लूलेओची सद्दी मोडून अजिंक्य ठरला. (हा क्लब काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःला 'फ्रोलुंडा इंडियन्स' म्हणवून घ्यायचा. मी नवी नवी आले तेव्हा ट्राममध्ये ते नाव वाचून ऊर भरून आला होता. मग टोपीवरचं चित्र नीट पाहिलं, तर पिसांचा मुकुट घातलेला अमेरिकेतला आदिवासी सरदार. क्लबाने आता ते नाव टाकून दिलंय.)

छत्री की स्वतंत्र घर, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. भारतात बायकांच्या क्रिकेटची संघटना 1973 साली स्वतंत्र निघाली आणि तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा तीन संघांची. तेहतीस वर्षं त्या बायकांनी आपलं घर आपण चालवलं. 2006 साली संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. सगळ्यांना वाटलं, आता पैसाच पैसा. पण महिलांची प्रीमियर लीग यायला 2023 उजाडलं. मधली सतरा वर्षं छत्री होती आणि पाऊसही अंगावर होता. मग सांगलीच्या स्मृती मानधनावर 3 कोटी 40 लाखांची बोली लागली, 2025 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत विश्वचषक हाती आला, आणि ज्यांनी मधल्या काळात मुलींना नेट्सची वेळ दिली नव्हती तेही फोटोत आले. विलीनीकरणाने आपोआप काही होत नाही. छत्रीखाली जागा किती, हे लिहून घ्यावं लागतं.

स्वीडनच्या बायकांनी ते लिहून घेतलं, पण त्यासाठी आधी पडावं लागलं. 2006 च्या तुरीन ऑलिम्पिकमध्ये याच देशाच्या संघाने उपांत्य फेरीत अमेरिकेला हरवलं होतं. अमेरिका आणि कॅनडा सोडून तिसऱ्या कुणी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ. गोलमध्ये उभी होती एकोणीस वर्षांची किम मार्टिन, तिने 37 फटके अडवले; मारिया रूथने दोन गोल केले आणि शूटआउटमधला निर्णायक गोलही तिचाच. रौप्यपदक घेऊन त्या घरी आल्या. असं काही घडल्यावर देशाने मुलींसाठी रिंकची दारं उघडायला हवी होती. तेरा वर्षांनी, एप्रिल 2019 मध्ये, फिनलंडमधल्या एस्पो शहरात हाच देश जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटातून खाली घसरला. 1990 साली ही स्पर्धा सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनी शिबिराला जायला नकार दिला. एक-दोघींनी नाही, बोलावलेल्या सगळ्या जणींनी. हॅशटॅग होता 'फॉर फ्रामतीदेन', म्हणजे भविष्यासाठी. त्यांच्या तक्रारी वाचताना मला रडू यावं की हसू, कळेना. कामावरून रजा घेऊन राष्ट्रीय संघात यायचं तर बुडालेल्या पगाराची भरपाई नाही. कपडे येतात ते पुरुषी मापाचे. पूरक आहाराच्या पाकिटांवरची तारीख उलटून गेलेली. हे स्वीडनमध्ये! ज्या देशात बापाच्या बाळंतपणाच्या रजेची चर्चा सकाळच्या कॉफीला होते, तिथे. ऑक्टोबरमध्ये संघटनेशी करार झाला आणि खेळाडू परतल्या.

ती यादी पुन्हा वाचून बघा. त्यात 'आम्हाला पुरुषांइतके पैसे द्या' हे मुख्य मागणं नाही. आम्हाला आमचं काम करू द्या, हे मागणं आहे. व्यावसायिक खेळाडू म्हणजे कोण, याची मला पटलेली व्याख्या त्यातून निघते: जिला सराव दिवसा करता येतो ती. दिवसभर शाळेत शिकवून किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसून रात्री नऊला जी बर्फावर उतरते ती कितीही चांगली खेळली तरी हौशीच राहते, कारण तिचं शरीर आधीच दमलेलं आहे, आणि सराव संपवून घरी पोचून जेवून झोपेपर्यंत मध्यरात्र उलटते. लूलेओसारख्या गावात तर हिवाळ्यात तिला सूर्यच दिसणार नाही. लूलेओचा संघ इतकी वर्षं पुढे राहिला याचं श्रेय तिथे आलेल्या फिनिश खेळाडूंना देतात, आणि ते बरोबरच आहे. फिनलंडची सीमा गाडीने दीडेक तासावर. वर्षानुवर्षं फिनलंडची कप्तान राहिलेली येनी हीरीकोस्की 2016 साली इथली झाली, आणि तिच्यासारखी बचावपटू युरोपात दुसरी दाखवणं कठीण. पण अशा खेळाडू तिथे टिकल्या का? डेल्फीनेनपेक्षा झगमगीत एरिना इतरत्र होत्या. पैशात फार मोठा फरक असल्यास तो अमेरिकेच्या बाजूने होता. लूलेओने त्यांना मोठ्या क्लबाचा सरावाचा दिवस दिला, वजनांची खोली दिली, फिजिओ दिला. हॉकी ही त्यांची नोकरी आहे असं मानलं.

पगाराला मी दुसऱ्या नंबरवर ठेवते म्हणून कुणी म्हणेल, पोट भरलेल्या बाईच्या या गप्पा. तर अमेरिका-कॅनडातली बायकांची नवी लीग बघू. 1 जानेवारी 2024 ला पीडब्ल्यूएचएल सुरू झाली. सगळ्या संघांचा मालक एकच धनाढ्य गट. पहिल्या मोसमात करारातला किमान पगार 35 हजार डॉलर आणि सरासरी 55 हजार होता. स्वीडनमधून लीना युंगब्लूम माँट्रियलला गेली, माया नीलेन पेर्शोन न्यूयॉर्कला. जायलाच हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर बॅग आदल्या रात्रीच भरली असती. त्या लीगचा मला आदर आहे. पण एका गटाच्या मर्जीवर उभी असलेली लीग त्या गटाच्या मर्जीने बंदही होऊ शकते. उत्तर अमेरिकेत बायकांच्या हॉकी लीग निघाल्या आणि बुडाल्या, हे याआधी झालेलं आहे. लीना किंवा माया घडली ती मात्र कुठल्या तरी छोट्या स्वीडिश गावातल्या नगरपालिकेच्या रिंकवर, आठव्या-नवव्या वर्षी. पगाराच्या शर्यतीत स्वीडन अमेरिकेला गाठू शकणार नाही, आणि त्या शर्यतीत धावायची गरजही नाही. हजारो मुलींना बर्फ देणं हे काम त्या देशाला जमतं, कारण बर्फ त्याच्या मालकीचा आहे.

आणि हे काम नीट झालेलं नाही, याचा पुरावा धडकेच्या नियमात सापडतो. 1990 च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत बायकांना एकमेकींना अंगाने धडक द्यायची मुभा होती. नंतर ती काढून घेतली. बायकांना झेपणार नाही, असं. स्वीडिश लीगने 2022-23 च्या मोसमापासून ती परत आणली. मला निर्णय आवडला. खेळ वेगवान झाला, कडेच्या फळीजवळ चाललेलं लटकं ढकलाढकलीचं नाटक संपलं. पण धडक द्यायची आणि घ्यायची हे शिकावं लागतं. खांदा कुठे, हनुवटी कुठे, फळीपासून किती अंतरावर असताना अंग सैल सोडायचं, हे पोरवयात शेकडो वेळा पडून अंगात मुरतं. मुलगे ते कोवळ्या वयात शिकतात. मुलींना ते शिकवायला वेगळे तास हवेत, आणि ते तास म्हणजे पुन्हा इस्तीद. नियम बदलायला एक बैठक पुरते. संध्याकाळी साडेपाचचा तास पंधरा वर्षांच्या मुलांकडून काढून पंधरा वर्षांच्या मुलींना द्यायला किती बैठका लागतील? त्या बैठकीत कोण बाप उभा राहून म्हणेल की माझ्या मुलाचा तास घ्या?

म्हणून माझं म्हणणं रोखठोक आहे. ज्या क्लबाला नगरपालिकेचा रिंक वापरायचा आहे त्याने आपलं इस्तीदचं वेळापत्रक दरवर्षी जाहीर करावं: कुठला संघ, कुठला वार, किती वाजता. वयोगटानुसार मुलगे-मुली समोरासमोर मांडून. तास मोजून झाले की घड्याळ बघावं, कारण रात्री दहाचा तास आणि संध्याकाळी सहाचा तास कागदावर सारखेच साठ मिनिटांचे असतात. फरक दिसला तर अनुदानात कपात. यात क्रांती वगैरे काही नाही. ग्रामपंचायतीच्या नळाला किती वाजता पाणी येतं हे विचारण्याइतकी साधी गोष्ट आहे. आणि सगळ्या मुली काही लूलेओच्या जर्सीत खेळणार नाहीत. बहुतेक सोळा-सतराव्या वर्षी दुसरीकडे वळतील, मुलगे वळतात तशाच. त्यांनी आपल्या पायाने वळावं, झोप पुरत नाही म्हणून नाही.

माझ्या शेजारणीची मुलगी तेरा वर्षांची आहे, गोलकीपर. गेल्या महिन्यात शेजारीण आजारी होती म्हणून तिला सरावाला मी सोडलं. तिचं सामान म्हणजे अर्धा बिऱ्हाडबाजार. ते गाडीत चढवता-उतरवता माझी कंबर धरली. तास सव्वानऊचा. आम्ही नऊला पोचलो. ती पॅड चढवून, हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसली आणि गणिताची वही काढली. काचेपलीकडे मुलांचा सराव चालू होता. सव्वानऊ झाले. घड्याळाकडे बघून तिने वही मिटली, हेल्मेट चढवलं. मुलांच्या कोचने एक बोट वर करून आमच्याकडे बघितलं, एकच मिनिट. नऊ वाजून एकवीस मिनिटांनी तिने हेल्मेट काढलं आणि वही पुन्हा उघडली. मशीन अजून गॅरेजमध्येच होतं.